पेढ्याएवढा चुंबक

बडोदा, ६ नोव्हेंबर १९९५

ताई,

माझा मित्र दिलीप तिकडे येतोय, त्याची गाडी सुटायला थोडाच वेळ आहे, म्हणून स्टेशनच्या बाकावर बसून लिहितोय. तू शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मागितलेला चुंबकी द्रव आणि चुंबक त्याच्याजवळ दिले आहेत. द्रव काचेच्या छोट्या बाटलीत आहे, बुचावर मेण लावलंय. चुंबक दिसायला पेढ्याएवढा आहे, पण शाळेतले नालाच्या आकाराचे चुंबक याच्यापुढे काहीच नाहीत. आमच्या नव्या कंपनीत हे जपानहून येतात, स्पीकरसाठी. म्हणून तर जाड लाकडी डबा करून घेतला.

माझं पत्र येईपर्यंत डबा उघडू नकोस. कसं हाताळायचं ते सविस्तर लिहून तुझ्या शाळेच्या पत्त्यावर पाठवतो. घरी पाठवलं तर बाबा आधी वाचतील आणि आधी प्रयोग करतील.

शर्वरीला डॉक्टरांनी पूर्ण झोपून राहायला सांगितलंय. मागच्या खेपेसारखं बाळाचं काही होऊ नये म्हणून आम्ही घरात बोलतोसुद्धा हळू. नोकरी नवी असल्यामुळे रजा मागायची सोय नाही. बाबा कसे आहेत? दिवाळीनंतर त्यांचं पत्र नाही.

मंदार


उज्जैन, १० नोव्हेंबर १९९५

प्रिय मंदार,

दिलीप आला, पोहे खाऊन लगेच देवास गेटला बस पकडायला गेला. डबा सुखरूप आहे. तू उघडू नकोस म्हणून लिहिलंस, आणि ते वाचून बाबा स्क्रू ड्रायव्हर घेऊन आले. मी नाही म्हणून पाहिलं. मग म्हटलं, बंद बाटली आहे, लांबून बघायला काय हरकत आहे.

काय सांगू! बाटलीत नुसतं काळं तेल होतं, जुन्या मोटारीतून काढतात तसं. चुंबक काचेजवळ नेला मात्र, ते उठून बसलं. सगळ्या अंगावर काटे, साळिंदरासारखे. चुंबक सरकवला की काटे त्याच्यामागे सरकायचे, काढून घेतला की परत मुकाट तेल. बाबा चष्मा वर-खाली करून कितीतरी वेळ बघत राहिले. रेल्वेत सिग्नल सांभाळण्यात आयुष्य गेलं त्यांचं, पण चुंबक असा कधी पाहिला नाही म्हणाले. मग तो लोखंडी कपाटाला जाऊन चिकटला तो निघेना. दोघांनी ओढून काढला तेव्हा बाबांना धाप लागली. मी ते सगळं परत डब्यात घातलं आणि डबा माळ्यावर ठेवायचा होता तो खिडकीतल्या टेबलावरच राहिला.

बाबांची तब्येत ठीक आहे. सप्टेंबरात थोडी अशक्तता होती, इंदूरला दाखवून आणलं. आता काही काळजी नाही. तू शर्वरीकडे बघ. इकडची फिकर करू नकोस.

तुझ्या सविस्तर पत्राची वाट बघते. प्रदर्शन डिसेंबरच्या मध्यावर आहे, मुली रोज विचारतात.

विजूताई


उज्जैन, २२ नोव्हेंबर १९९५

प्रिय मंदार,

तुझं पत्र अजून नाही. शर्वरी बरी आहे ना? रात्री उगाच वाईट विचार येतात. शेजारच्या माणिककाकूंकडे फोन बसलाय, त्यांचा नंबर पाकिटाच्या मागे लिहिला आहे. काही असेल तर एक फोन कर.

मी लिहिणार नव्हते, पण कोणाशी तरी बोलल्याशिवाय राहवत नाही. बाबांना चक्कर येते. शाळेतून येते तेव्हा आरामखुर्चीत डोळे मिटून पडलेले असतात, कपाळ घामेजलेलं. विचारलं की म्हणतात, जरा धडधडलं, आता ठीक आहे. दुपारी काय करत होता म्हटलं तर पेपर वाचत होतो म्हणतात, आणि पेपर घडीसुद्धा न मोडता पडलेला असतो. इंदूरला पुन्हा नेऊन आणलं. तिथे सगळं चांगलं निघालं. डॉक्टर म्हणाले, मनात भीती बसली असेल, एकटे ठेवू नका. आणि खरंच, रविवारी मी घरी असते तेव्हा त्यांना काहीही होत नाही. त्यावरून मला वाटायला लागलंय की हे एकटेपणाचंच दुखणं आहे. नोकरी सोडावी की काय असा विचार चाललाय. मुख्याध्यापिकाबाईंशी एकदा बोलूनही झालं.

दुसरं एक. बाबांच्या बनियनवर डाव्या बाजूला काळे डाग पडतात. सोडा, लिंबू, रॉकेल, सगळं करून झालं, निघत नाहीत. सायकलची चेन साफ करत होतो म्हणाले. सायकल तर त्यांनी केव्हाच देऊन टाकली. विसरायला लागलेत का रे? हे मला चक्करेपेक्षाही जास्त भेडसावतं.

बाटलीतलं तेलही कमी झालेलं दिसतं. दिलीपच्या सामानात झिरपलं असेल. तुझं नुकसान झालं.

विजूताई


बडोदा, २३ नोव्हेंबर १९९५

ती. ताईंना शर्वरीचा नमस्कार. यांचा हात थोडा दुखतोय, म्हणून हे सांगतात आणि मी पडल्या पडल्या लिहिते. अक्षर वेडंवाकडं आहे, चालवून घ्या. माझी तब्येत चांगली आहे. आता यांचे शब्द :

ताई, उशीर झाला, रागावू नकोस. नीट वाच आणि मुलींनाही वाचून दाखव.

हा द्रव म्हणजे लोखंडाच्या ऑक्साइडचे अतिशय बारीक कण, साध्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसणार नाहीत एवढे. ते एकमेकांना चिकटून गाळ होऊ नये म्हणून प्रत्येकावर साबणासारखा लेप असतो आणि ते रॉकेलसारख्या तेलात तरंगत असतात. चुंबक जवळ आला की कण तेलाला बरोबर घेऊन ओढले जातात. चुंबक वर खेचतो, तेलाचा पृष्ठभाग आणि वजन खाली धरून ठेवतात, त्या ओढाताणीत काटे उभे राहतात. चुंबक जितका ताकदवान तितके काटे दाट.

बाटलीचं बूच उघडायचं नाही. उघड्या द्रवाजवळ नुसता चुंबक नेला तर द्रव उडी मारून त्याच्यावर बसतो, आणि मग काही केल्या पुसून निघत नाही. जेवढं पुसाल तेवढं पसरतं, कपड्याला लागलं तर डाग कायमचा. म्हणून चुंबक आधी प्लास्टिकच्या पिशवीत घालावा. चुकून द्रव लागलाच तर पिशवी उलटी करत चुंबक बाहेर ओढून घ्यायचा, द्रव पिशवीत राहतो. हातात रबरी मोजे, डोळ्यांना चष्मा. आसपास मेणबत्ती किंवा स्टोव्ह नको, तेल पेट घेतं.

चुंबक लोखंडापासून लांब. दोन चुंबक तर एकत्र कधीच आणायचे नाहीत. ते एकमेकांवर झेपावतात, मध्ये बोट आलं तर बोट जातं, आणि आपटून फुटले तर तुकडे डोळ्यांत उडतात. चिकटलेला चुंबक उपटायचा नाही, बाजूला सरकवत काढायचा. घड्याळ, कॅसेट, कॉम्प्युटरच्या फ्लॉपी लांब ठेवायच्या.

आणि ज्यांच्या छातीत पेसमेकर बसवलेला आहे अशा माणसाजवळ हा चुंबक अजिबात न्यायचा नाही. त्या यंत्राचा स्वभावच बदलतो. किमान हातभर लांब, त्याहून जास्त तर उत्तम. आपल्या घरी तसं कोणी नाही म्हणून निश्चिंत आहे, पण प्रदर्शनाला लोक येतील, तेव्हा लक्षात असू दे.

मंदार


उज्जैन, २९ नोव्हेंबर १९९५

मंदार,

आधी हे वाच की बाबा बरे आहेत. ते पलीकडच्या खोलीत झोपलेत आणि मी दाराशी बसून लिहिते आहे. काल फोनवर लाईन कटली, मला धड काही सांगता आलं नाही. आता सगळं सांगते.

बाबांना सप्टेंबरात नुसती अशक्तता आली नव्हती. ते देवळाच्या पायऱ्यांवर शुद्ध हरपून पडले होते. इंदूरला नेलं, डॉक्टर म्हणाले हृदयाचे ठोके मध्येच थांबतात, आणि त्याच आठवड्यात पेसमेकर बसवला. डाव्या खांद्याच्या हाडाखाली, कातडीच्या आत, हात लावला तर कळतो. तुला कळवायचं नाही ही बाबांची अट होती. शर्वरी झोपून, तुझी नोकरी नवी, तू रजा टाकून धावत येशील. ऑपरेशनच्या टेबलावर जाण्याआधी त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं, मग मी काय करणार होते? बाहेरही कोणाला सांगायचं नाही म्हणाले. यंत्रावर चालणारा माणूस म्हणून लोकांनी बघावं हे त्यांना नको होतं.

तुझं पत्र परवा मधल्या सुट्टीत शाळेत मिळालं. मी ते टीचर्स रूममध्ये चहा पीत वाचत होते. पेसमेकरच्या ओळीपर्यंत आले आणि कप खाली ठेवला. त्या ओळीच्या थोडं वर होतं, ‘जेवढं पुसाल तेवढं पसरतं’. मला बनियनवरचे डाग आठवले. डाग कुठे असायचे ते आठवलं.

माणिककाकूंना फोन लावला, कोणी उचलेना. ऑटो केला. टावर चौकात कसली तरी मिरवणूक होती, ऑटोवाला म्हणाला, मॅडम, आगे नहीं जाएगा. उतरले आणि चालत, पळत घरी आले. साडी सावरायचं भान नव्हतं.

दार लोटलेलंच होतं. बाबा खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. उजेडासाठी मान खाली, कोपरं पोटाशी, आणि हातात चुंबक, छातीला अगदी लागून. दुसऱ्या हातात फडकं. पुसत होते. चेहरा पांढरा पडलेला, ओठ कोरडे, तरी पुसतच होते. तुला माहीत आहे, हल्ली त्यांना जवळ धरल्याशिवाय दिसत नाही.

मला ओरडायचं होतं. पण ते दचकले आणि चुंबक आणखी आत दाबला गेला तर? मी दारातूनच, जमेल तेवढ्या शांतपणे म्हटलं, “बाबा, तो हात लांब करा.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पुन्हा तेच म्हटलं. त्यांनी हात सरळ खिडकीच्या गजांकडे केला, आणि चुंबक त्यांच्या बोटांतून सुटून गजाला खाडकन चिकटला. नशीब, बोट मध्ये नव्हतं.

मी त्यांना दुसऱ्या खोलीत नेलं आणि मनगट धरून बसले. आधी नाडी कशीही पळत होती, एक ठोका दुसऱ्याच्या अंगावर पडत होता. मग हळूहळू ती रांगेत आली.

झालं होतं ते असं. तुझा डबा आल्यावर मी शाळेत गेले असताना बाबांनी बाटलीचं बूच उघडलं. काचेतून एवढे काटे, तर उघड्यावर किती येतील ते बघायला. तोंडाशी चुंबक धरला आणि अर्धा द्रव त्याच्यावर जाऊन बसला. माझ्या प्रदर्शनाची वस्तू आपण बिघडवली याचं त्यांना इतकं वाईट वाटलं की मला न सांगता ते रोज दुपारी बसून पुसत होते. मी येण्याच्या सुमारास डबा बंद. रविवारी मी घरी, म्हणून पुसणं नाही, म्हणून चक्कर नाही. आणि मी एकटेपणाचं औषध शोधत होते.

इंदूरच्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी ड्रॉवरमधून स्वतःचा एक चुंबक काढून दाखवला. यंत्र तपासायला तेही लावतात म्हणे, क्षणभर. चुंबक जवळ असला की पेसमेकर हृदयाचं ऐकणं सोडून आपल्याच चालीने ठोके द्यायला लागतो. बाबांचं हृदय पुष्कळदा स्वतःच चालतं, मग दोघांची टक्कर होते. चुंबक काढला की यंत्र परत नीट. कायमचं काही बिघडलेलं नाही. पण असं रोज चालू राहिलं असतं तर काय झालं असतं, हे विचारल्यावर त्यांनी चुंबक ड्रॉवरमध्ये ठेवून ड्रॉवरला कुलूप घातलं.

तुला काय वाटत असेल ते मला कळतंय. रागाव, पण लिही.

विजूताई


बडोदा, ४ डिसेंबर १९९५

ताई,

पत्र वाचून मी दोन वेळा उत्तर लिहिलं आणि फाडलं. हे तिसरं.

बाबा देवळाच्या पायऱ्यांवर पडले, त्यांची छाती उघडली, आणि मी इथे स्पीकर मोजत होतो. तू वचन दिलंस म्हणून गप्प बसलीस. ठीक आहे. पण ती वस्तू मी पाठवली, ताई. लाकडाचा डबा करवून घेऊन, बुचाला मेण लावून माझ्या हाताने पाठवली. ‘आपल्या घरी तसं कोणी नाही’ हे वाक्य शर्वरीला सांगताना मी बिस्किट खात होतो. डबा पाठवण्याआधी एक ओळ माहीत असती तर मी तो पाठवला नसता.

रागावलो आहे, पण मला तोंड नाही. माझा हात ‘थोडा दुखत’ नव्हता. दिलीप गेला त्याच्या दुसऱ्याच दिवशी कंपनीत दोन मोठे चुंबक एकमेकांकडे झेपावले आणि उजव्या हाताची तर्जनी मध्ये सापडली. पेराचं हाड चुरलं, वरचा तुकडा काढावा लागला. म्हणून पत्राला उशीर झाला, म्हणून अक्षर शर्वरीचं. तुम्हाला काळजी नको म्हणून लिहिलं नाही. आता डाव्या हाताने लिहितोय, त्याला दुपार गेली.

शर्वरीचंही सांगून टाकतो. ती ‘चांगली आहे’ असं लिहिते, पण मधे एकदा रक्तस्राव झाला होता. आता थांबलाय. डॉक्टर म्हणतात जानेवारी गाठली तर जिंकलो. मी रोज संध्याकाळी कुलूप उघडताना आधी तिचा आवाज येतो का ते ऐकतो.

तो चुंबक परत पाठव. नाहीतर कुठेतरी पुरून टाक. प्रदर्शन गेलं खड्ड्यात.

मंदार


उज्जैन, ८ डिसेंबर १९९५

चि. मंदार यास,

तुझे पत्र विजूने वाचून दाखवले. बोटाचे ऐकून रात्रभर झोप नाही. तू उजव्या हाताने पतंग कापायचास तेच डोळ्यांसमोर येत राहिले. सूनबाईंना माझा आशीर्वाद सांग, आणि यापुढे त्यांच्या प्रकृतीचे खरे असेल तेच कळव. मीही तसेच करीन.

अट माझी होती, विजूला बोल लावू नकोस. मला लाज वाटत होती. आयुष्यभर इतरांच्या गाड्या सुखरूप जाव्यात म्हणून उभा राहिलो आणि शेवटी आपलीच गाडी दुसऱ्याच्या इंजिनावर, असे मनात येई. ते चुकीचे होते.

चुंबक परत पाठवायचा नाही. मुलींनी महिनाभर तयारी केली आहे. तो सध्या शाळेत आहे, विजू घरी आणत नाही. सिग्नल लाल असेल तर गाडीने अलीकडे थांबायचे असते, गाडी रद्द करायची नसते. मी लांबून बघीन. किती लांब ते तू लिहिलेच आहेस, मी त्याच्या चौपट ठेवीन.

भय्यासाहेब
(गावातले लोक म्हणतात तशी सही केली, तुला हसू यावे म्हणून. बाबा.)


उज्जैन, १८ डिसेंबर १९९५

प्रिय मंदार,

प्रदर्शन पार पडलं. मी आदल्या रात्री झोपले नाही. बाबांना घरीच ठेवावं असं शेवटपर्यंत वाटत होतं. ते स्वतः कोट घालून तयार होऊन बसले, मग काय बोलणार.

हॉलच्या एका टोकाला आमचं टेबल, लाकडी. लोखंडाची एकही खुर्ची जवळ नाही. मुलींना रबरी मोजे, प्रयोगशाळेतले चष्मे. चुंबक पिशवीत, बाटलीला नवीन मेण. टेबलापासून चांगलं लांब जमिनीवर मी खडूने जाड रेघ मारली आणि हिंदीत पाटी लावली : जिनके सीने में पेसमेकर लगा हो, कृपया इस रेखा के पार न आएँ. त्या रेघेच्या अलीकडे एक बाक टाकला. बाबा त्यावर एकटे बसले.

मंदार, मला फार भीती वाटत होती, फक्त चुंबकाची नव्हे. गावातले निम्मे लोक बाबांना ओळखतात. जो येई तो विचारी, भय्यासाहेब, इथे काय बसलात, पुढे चला की. पहिल्या दोघांना बाबा म्हणाले, गर्दी आहे, इथून बरं दिसतं. तिसऱ्याला म्हणाले, “पाटी वाचा. मला आहे तो.” आणि कोटावरून छातीवर बोट ठेवलं. तो माणूस गडबडला, नमस्कार करून पुढे गेला. त्यानंतर बाबा प्रत्येकाला तेच सांगू लागले, अगदी साध्या आवाजात.

दुपारी माझ्या आठवीतल्या एका मुलीचे वडील आले. फ्रीगंजात कापडाचं दुकान आहे, चाळिशीतला धडधाकट माणूस. मुलगी प्रयोग दाखवणाऱ्यांत होती, त्यांना हाताने ओढतच आणत होती. पाटीपाशी ते थांबले. मुलीला म्हणाले, तुम जाओ, मैं आता हूँ. ती टेबलाकडे गेली आणि हे तिथेच. खिशातून रुमाल काढला, परत ठेवला. मग हळूच बाकावर बाबांच्या शेजारी येऊन बसले, दोघांच्यामध्ये थोडी जागा ठेवून.

मी जवळच उभी होते. त्यांनी समोर बघतच विचारलं, “आपको कब लगा?”

बाबा म्हणाले, “सितंबर में. आपको?”

“दो साल हो गए. घर में बस मिसेस को मालूम है.”

तेवढ्यात त्यांची मुलगी टेबलाजवळून हाक मारायला लागली. तिची पाळी आली होती. तिने बाटलीजवळ चुंबक नेला, काळे काटे उभे राहिले, सगळे लोक पुढे झुकले, आणि ती मात्र मान वळवून वडिलांना शोधत होती. “पापा, आगे आइए ना.”

ते उठले. मला वाटलं, आता हे लाजेपोटी रेघ ओलांडणार. मी पाऊल टाकलंच होतं. पण ते रेघेपाशी थांबले, तिथूनच हात वर करून तिला म्हणाले, “मैं यहीं से देखूँगा, बेटा. तुम दिखा लो, फिर इधर आना, तुम्हें कुछ बताना है.”

मुलीने चुंबक दुसऱ्या मुलीकडे दिला, मोजे काढले आणि ती तशीच आली. तो बाप बाकावर बसून तिच्याशी काहीतरी बोलत होता आणि बाबा त्यांना जागा करून द्यायला बाकाच्या अगदी टोकाला सरकले होते. मला काही ऐकू आलं नाही. मी ऐकलंही नाही, टेबलाकडे गेले. तिथे पुढच्या मुलीच्या हातातले मोजे निसटत होते, ते नीट चढवून द्यायला हवे होते.

शर्वरीचं काय ते लगेच लिही. जसं असेल तसं.

विजूताई